लाकडी तुकड्यांचं भित्तिचित्र पाठफळीवर चिकटवताना: गोंद, दाब आणि लाकडाची हालचाल

लाकडाच्या लहानमोठ्या तुकड्यांतून भिंतीवरची नक्षी घडवताना कापणं, घासणं, रंगसंगती जमवणं यात आठवडे जातात आणि हौसेने जातात. पाय अडखळतो तो शेवटी. साठ-सत्तर तुकडे टेबलावर मांडून तयार आहेत, शेजारी पाठफळी आहे, हातात गोंदाची बाटली आहे आणि सुरुवात करायचं धाडस होत नाही. क्लॅम्पचा जबडा कडेपासून आठ-दहा सेंटिमीटरच आत पोचतो, मग मधल्या तुकड्यांना दाब द्यायचा कसा? काही तुकडे जाड, काही पातळ, काहींचा माथा उतरता. वर सपाट फळी ठेवावी तर ती दोन-चार उंच तुकड्यांवरच टेकते. आणि गोंद लावलेला तुकडा दाबला की घसरतो.

म्हणून बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, किती क्लॅम्प लागतील? माझ्या मते सुरुवात या प्रश्नाने करू नये. तुकडा गळून पडेल ही भीती सगळ्यांना वाटते, पण कोऱ्या लाकडाला कोरं लाकूड नीट चिकटवलं असेल तर ते सहसा घडत नाही. बिघडतं ते वेगळंच. चिकटवताना नक्षी सरकते, वाळल्यावर पाठ वाकते, नाहीतर ऋतू बदलला की फटी उघडतात आणि एखादा रुंद तुकडा मधोमध तडकतो. या तिन्हींवर जास्त दाब हा उपाय नाही. अशा कामात क्लॅम्पने दोनच गोष्टी करायच्या असतात: तुकडा पाठीला पूर्ण टेकवायचा आणि जागचा हलू द्यायचा नाही. बाकी सगळं गोंद कुठे लावला आणि लाकडाला हलायला जागा ठेवली की नाही, यावर ठरतं.

गोंद लाकडाला धरतो कसा

सुतारकामात वापरतात तो पांढरा किंवा पिवळसर गोंद म्हणजे पॉलिव्हिनाइल अॅसिटेट, थोडक्यात पीव्हीए. हा पदार्थ १९१२ मध्ये जर्मनीत फ्रिट्झ क्लाटे यांनी शोधला. बाटलीतला गोंद म्हणजे पाण्यात तरंगणारे या प्लास्टिकचे अतिसूक्ष्म कण. वजनाने साधारण निम्मं पाणीच असतं. गोंद लाकडावर पसरला की पाणी लाकडात शिरतं, थोडं हवेत उडतं, कण एकमेकांजवळ येतात, चिकटतात आणि त्यांचा सलग पापुद्रा तयार होतो. तो लाकडाच्या वरच्या थरातल्या उघड्या पेशींमध्ये शिरून बसलेला असतो, म्हणून दोन लाकडं धरली जातात.

निम्मं पाणी निघून जाणार म्हणजे गोंदाचा थर आक्रसणार. थर पातळ असेल, ०.१ मिलिमीटरच्या आसपास, तर या आक्रसण्याने काही बिघडत नाही. पण तुकडा आणि पाठ यांच्यात एक मिलिमीटरची पोकळी असेल आणि ती गोंदाने भरली असेल, तर वाळल्यावर आत पोकळ, भेगाळलेला थर उरतो. त्याला फारशी ताकद नसते. पीव्हीए गोंद फट भरण्यासाठी नाही. म्हणून तुकड्याची पाठ सपाट असणं ही या कामातली सर्वांत मोलाची गोष्ट आहे, आणि तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष जातं. दर्शनी बाजू आपण तासन्‌तास घासतो, मागची तशीच सोडतो. १२० नंबरचा पॉलिशपेपर काचेवर किंवा सपाट फरशीवर चिकटवून प्रत्येक तुकड्याची मागची बाजू त्यावर दहा-बारा वेळा फिरवावी. आधी पेन्सिलीने मागे आडव्या-उभ्या रेघा मारून ठेवाव्यात. रेघा सगळीकडून पुसल्या गेल्या की बाजू सपाट झाली. मधे रेघ उरली तर तिथे खळगा आहे.

थंडीचाही विचार हवा. खोली फार गार असेल, साधारण १० अंश सेल्सिअसच्या खाली, तर कण एकमेकांत मिसळत नाहीत आणि थर वाळून खडूसारखा पांढरा, भुसभुशीत होतो. वरून वाळलेला दिसतो, पण धरत नाही. अशा वेळी लाकूड, पाठ आणि गोंद तिन्ही आदल्या रात्रीपासून उबदार खोलीत ठेवावेत. फक्त बाटली गरम करून भागत नाही, कारण गार लाकूड गोंदाला लगेच गार करतं.

दाब किती लागतो, आणि किती पुरतो

आता आकडे. गोंद बनवणाऱ्यांच्या शिफारशीनुसार मऊ लाकडाच्या सांध्याला प्रति चौरस सेंटिमीटर सुमारे ७ ते १० किलो, तर कठीण लाकडाला १२ ते १७ किलो दाब द्यावा. टेबलाच्या फळ्या जोडताना हे जमतं, कारण सांध्याची कड अरुंद असते. भित्तिचित्राचं मात्र ६० बाय ९० सेंटिमीटरचं पूर्ण क्षेत्र चिकटवायचं असतं. ते झालं ५,४०० चौरस सेंटिमीटर, आणि ७ किलोच्या हिशेबाने दाब भरला जवळपास ३८,००० किलो. हाताने आवळलेला एक चांगला एफ-क्लॅम्प २०० ते ३०० किलोंचा जोर देतो असं धरलं, तरी शंभराहून जास्त क्लॅम्प लागतील. तेवढे कडेभोवती मावणारच नाहीत.

मग लोकांची कामं टिकतात कशी? तुकड्यावर भार किती येतो ते बघा. १० बाय १० सेंटिमीटरचा, २ सेंटिमीटर जाडीचा सागवानाचा तुकडा साधारण १३० ग्रॅम भरतो. भिंतीवर टांगल्यावर गोंदाला तोलायचं आहे ते एवढंच. चांगल्या पीव्हीए सांध्याची ताकद प्रति चौरस सेंटिमीटर २०० किलोंच्या पुढे जाते. तुमचा सांधा त्याच्या शंभराव्या हिश्शाइतका उतरला, तरी १०० चौरस सेंटिमीटरचा तुकडा २०० किलो पेलेल. खुर्चीचा पाय आणि भिंतीवरची नक्षी यांत हाच फरक आहे. एकाला माणसाचं वजन आणि रोजचे हिसके सोसायचे आहेत, दुसरीला फक्त स्वतःला धरून राहायचं आहे.

तेव्हा पुस्तकात दिलेला पूर्ण दाब इथे लागत नाही. मात्र दोन्ही पृष्ठभाग खरोखर सपाट हवेत आणि हलका दाब सगळीकडे सारखा पोचायला हवा. व्यावसायिक कारखान्यांत हवा काढून घेणाऱ्या पिशवीत लाकडाचे मोठमोठे पातळ पापुद्रे चिकटवतात, तिथेही दाब प्रति चौरस सेंटिमीटर ०.८ ते ०.९ किलोच असतो, कारण वातावरणाचा दाबच एक किलोच्या आसपास आहे. सांधे उत्तम येतात, कारण दाब कमी असला तरी एकही कोपरा सुटत नाही. अशी पिशवी आणि पंप हाताशी असेल तर जरूर वापरा. ओबडधोबड, उंचसखल कामावर तिच्याइतकं चांगलं साधन नाही. फक्त टोकदार कोपऱ्यांवर कापड घाला, नाहीतर पिशवी फाटते.

तुकडा सरकतो तेव्हा

ओला गोंद वंगणासारखा असतो. क्लॅम्प आवळताना जोर अगदी सरळ खाली येत नाही, किंचित बाजूला ओढतो, आणि तुकडा त्या दिशेने निघतो. सरकणं टाळायचा सर्वांत जुना आणि माझ्या मते सर्वांत चांगला उपाय क्लॅम्पशिवायचा आहे. त्याला घासून बसवलेला सांधा म्हणता येईल.

तो असा करतात. तुकड्याच्या मागे गोंदाची बारीक धार नागमोडी सोडायची. जुनं प्लास्टिकचं कार्ड घेऊन ती सपाट ओढायची, इतकी पातळ की लाकडाची रेषा गोंदातून दिसावी. कडेला पाच-सहा मिलिमीटर कोरी पट्टी सोडायची. मग तुकडा त्याच्या जागेपासून दोन-तीन मिलिमीटर बाजूला ठेवून, वरून तळहाताने दाबत, मागे-पुढे छोट्या हेलकाव्यांनी घासायचा. पहिले चार-पाच हेलकावे तुकडा सहज तरंगतो. मग जादा गोंद कडेला सरतो, लाकूड पाणी पिऊ लागतं आणि हाताला एकदम अडवणूक जाणवते. तेवढ्यात तुकडा नेमका रेघेवर आणायचा आणि थांबायचं. आणखी अर्धा मिनिट दाबून धरलं की तो पकडतो. त्यानंतर त्याला हात लावायचा नाही, अगदी केसभर तिरका वाटला तरी नाही. पकडू लागलेला सांधा पुन्हा हलवला की अर्धवट जमलेला थर फाटतो, आणि फाटलेला थर पुन्हा तसा जुळत नाही.

जुने कारागीर सरस वापरत, म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांपासून बनवलेला गरम गोंद. तो थंड होता होता पकडतो, म्हणून घासून बसवण्याची ही पद्धत त्याच्याबरोबर फारच छान जमते. इटलीतल्या गुब्बिओच्या राजवाड्यात १४७८ ते १४८२ च्या सुमारास अक्रोड, बीच, ओक अशा लाकडांच्या असंख्य तुकड्यांतून एक अख्खी खोली जडवली गेली. कपाटं, पुस्तकं, वाद्यं, सगळा आभास सपाट भिंतीवर. आज ती न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. पीव्हीए त्यानंतर चारशेहून अधिक वर्षांनी आलं.

घासायला जागा नसेल, म्हणजे दोन्ही बाजूंना शेजारी तुकडे बसलेले असतील, तर झटपट चिकटणाऱ्या सायनोअॅक्रिलेट गोंदाची मदत घ्यावी. पीव्हीए पसरताना मागे पाच-सहा मिलिमीटरचे दोन कोरडे ठिपके सोडायचे, त्यात झटपट गोंदाचा घट्ट, जेलसारखा प्रकार टाकायचा, आणि तुकडा बसवून वीस-तीस सेकंद दाबून धरायचा. ठिपके तुकड्याला जागेवर धरतात, म्हणजेच क्लॅम्पचं काम करतात. खरी पकड पीव्हीए सावकाश घेतो. नुसत्या झटपट गोंदावर मात्र विसंबू नका. त्याचा थर ठिसूळ असतो आणि लाकूड फुगताना-आक्रसताना तो तडकतो. दुसरा मार्ग पाठीमागून स्क्रू मारण्याचा. पाठ १२ मिलिमीटरची आणि तुकडा २० मिलिमीटरचा असेल तर २५ मिलिमीटरचा स्क्रू पुरतो. आधी पाठीत आरपार भोक, तुकड्यात बारीक भोक, मग गोंद, मग स्क्रू. हाच क्लॅम्प, आणि तो काढावाही लागत नाही. जड तुकड्यांना मी हाच सुचवेन.

उंचसखल माथ्यावर दाब

सगळे तुकडे एकाच जाडीचे असतील तर वर जाड, सरळ लाकडी पट्ट्या आडव्या टाकून दोन्ही टोकांना क्लॅम्प लावता येतात. अशी पट्टी मधे किंचित फुगीर रंधून घेतली, लांबीच्या मानाने एक-दोन मिलिमीटर, तर टोकं आवळली की आधी तिचा मधला भाग दाबतो आणि क्लॅम्प जिथे पोचत नाहीत तिथेही जोर जातो. पट्टी जाडच हवी. क्लॅम्पचा दाब लाकडातून साधारण ४५ अंशांत पसरत जातो. २ सेंटिमीटरच्या पट्टीखाली तो अरुंद भागावरच पडतो, ५ सेंटिमीटरच्या पट्टीखाली कितीतरी रुंद. पट्टीखाली मेणकागद किंवा रुंद चिकटपट्टी लावायला विसरू नका, नाहीतर बाहेर आलेला गोंद तिलाही नक्षीचाच भाग करून टाकेल.

उंच-खोल कामाला मात्र वाळूच्या पिशव्यांना तोड नाही. बारीक, पूर्ण कोरडी वाळू मजबूत कापडी पिशवीत भरायची, तीन-चार किलो, आणि पिशवी अर्धीच भरायची. काठोकाठ भरलेली पिशवी दगडासारखी उंच तुकड्यावर बसते. अर्धी भरलेली सैल पिशवी वरून सोडली की वाळू खाचाखळग्यांत उतरते, उंच तुकड्याच्या कडेने ओघळून शेजारच्या बुटक्या तुकड्याच्या माथ्यावर जाऊन टेकते. तळहाताने चार थापट्या मारल्या की पिशवीवर खालच्या नक्षीचा उठाव उमटतो. तो उठाव दिसला म्हणजे समजावं की दाब सगळीकडे पोचला. पिशव्या ठेवताना वरून सरळ खाली ठेवा. बाजूने ढकलत आणल्या तर त्या तुकडेही ढकलतात. आणि खाली पातळ प्लास्टिक अंथरा, कारण ओल्या गोंदात अडकलेले वाळूचे कण नंतर कोरून काढावे लागतात.

उतरत्या माथ्याच्या तुकड्यांसाठी कापतानाच थोडी दूरदृष्टी ठेवली तर पुढे फार सोपं जातं. तिरपा छेद घेताना सुटलेली पाचर फेकू नका. चिकटवताना तीच पाचर उलटी करून त्या माथ्यावर ठेवली की वरचा भाग पुन्हा सपाट होतो आणि त्यावर कुठलाही दाब सरळ बसतो. पाचर घसरू नये म्हणून खाली पॉलिशपेपरचा तुकडा ठेवावा, गुळगुळीत बाजू चित्राकडे.

क्लॅम्प मधोमध पोचत नसतील तर वाद्यं बनवणाऱ्यांची एक युक्ती उपयोगी पडते. कामाच्या वर मजबूत फळी, मांडणी किंवा तुळई असेल तर तिच्या आणि तुकड्याच्या मधल्या अंतरापेक्षा दोन-तीन सेंटिमीटर लांब अशी लवचीक पट्टी वाकवून मधे अडकवायची. पट्टी सरळ व्हायला बघते आणि तुकडा दाबून धरते. डोळ्यांवर चष्मा हवा, कारण निसटलेली पट्टी जोरात उडते. वरचा आधार हलका किंवा खोट्या छताचा असेल तर हा नाद सोडावा.

लाकूड हलतं, आणि हलणारच

आता या लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग. लाकूड हवेतली ओल घेतं आणि सोडतं. हवेतली सापेक्ष आर्द्रता ३० टक्के असेल तर लाकडातला ओलावा ६ टक्क्यांच्या आसपास स्थिरावतो, ५० टक्क्यांना ९ च्या आसपास, ८० टक्क्यांना १६ पर्यंत. ओलावा वाढला की लाकूड रुंदीत फुगतं. लांबीत, म्हणजे रेषेच्या दिशेने, ते जवळपास हलत नाही. आडव्या दिशेने हलतं, आणि तेही दोन वेगळ्या मापांनी. वर्षवलयांना समांतर दिशेत जितकं हलतं, त्याच्या साधारण निम्मंच वलयांना छेदणाऱ्या दिशेत. झाडानुसारही फरक आहे. हिरव्या लाकडापासून भट्टीत पूर्ण सुकेपर्यंत तांबडा ओक वलयांच्या दिशेने ८.६ टक्के आक्रसतो, सागवान ५.८ टक्के. जुने सुतार सागवानावर भरवसा ठेवतात त्यामागचं एक कारण हेच.

सोपा हिशेब असा: ओलावा ४ टक्क्यांनी बदलला तर रुंदीत साधारण १ टक्का फरक. ५ सेंटिमीटरच्या तुकड्याला अर्धा मिलिमीटर, कुणाच्या लक्षातही येणार नाही. पण ६० सेंटिमीटर रुंदीची फळी असेल तर ६ मिलिमीटर. पाठीचं प्लायवूड याच्या मानाने जवळपास जागचं हलत नाही, कारण त्यातले थर एकाआड एक आडवे-उभे चिकटवलेले असतात आणि एकमेकांना रोखून धरतात. म्हणजे वरचं लाकूड ६ मिलिमीटर फुगू पाहतंय आणि खालची पाठ त्याला हलू देत नाही. यातून दोनच गोष्टी होतात: एकतर पाठ वाकते, नाहीतर लाकूड चिरतं. जास्त दाबून, जास्त गोंद लावून काही साधत नाही. उलट घट्ट सांध्यात ताण आणखी साठतो.

यातून एक नियम निघतो, आणि तो पाळला तर निम्मी दुखणी टळतात: तुकडा पाठीला चिकटवा, शेजाऱ्याला नाही. बाजूंनाही गोंद लावायचा मोह होतो, कारण काम भक्कम वाटतं. पण बाजूंना चिकटलेले पंधरा तुकडे म्हणजे पुन्हा एक रुंद फळी, आणि ती फळीसारखीच एकत्र फुगते. सुटे ठेवले तर प्रत्येक तुकडा आपापली अर्ध्या मिलिमीटरची हालचाल स्वतःच्या जागेत करतो. म्हणूनच कडेला कोरी पट्टी सोडायची, म्हणजे गोंद बाजूच्या फटीत चढत नाही. तुकड्यांमध्ये पत्त्याच्या जाडीची फट ठेवली तर उत्तम. हवा दमट आहे त्या दिवसांत काम करत असाल तर तुकडे आधीच फुगलेले आहेत, ते अगदी खेटून बसवले तरी पुढे फटी पडतील. कोरड्या दिवसांत मात्र खेटून बसवलेले तुकडे दमट हवेत एकमेकांना ढकलून पाठ वाकवतात. कोरड्या हवेतच फट ठेवणं जास्त गरजेचं आहे.

१० सेंटिमीटरपेक्षा रुंद अखंड तुकड्याला मागे पूर्ण गोंद लावू नये. रेषेच्या दिशेने, मधोमध, तीन-चार सेंटिमीटरचा पट्टा लावावा आणि दोन्ही कडा सुट्या ठेवाव्यात. मधला भाग धरलेला राहतो, कडा मोकळेपणाने आत-बाहेर होतात. स्क्रू मारायचे असतील तर कडेच्या स्क्रूसाठी पाठीतलं भोक रेषेला आडव्या दिशेने लांबट करावं. तुकड्याचा दर्शनी भाग लाकडाचं कापलेलं टोक असेल, म्हणजे ठोकळ्यांची नक्षी असेल, तर तो तुकडा चारही बाजूंना हलतो, तेव्हा चारही बाजूंना फट हवी. अशा टोकाकडच्या बाजूला उघड्या नळ्या गोंद शोषून घेतात आणि सांधा उपाशी राहतो. आधी पातळ हात मारावा, तो पाच-सात मिनिटं जिरू द्यावा, मग दुसरा हात लावून तुकडा बसवावा.

पाठ वाकण्याचं आणखी एक कारण म्हणजे एकाच बाजूला केलेलं काम. समोरून गोंदाचं पाणी पाठीत शिरतं, वर लाकूड बसतं, पॉलिश लागतं. मागची बाजू उघडीच. दोन्ही बाजू हवेला वेगवेगळा प्रतिसाद देतात आणि फळी पोटाकडे किंवा पाठीकडे वळते. मागच्या बाजूलाही समोर लावलं तेच पॉलिश, तितकेच हात लावा. मोठ्या कामाला मागे उभ्या-आडव्या पट्ट्यांची चौकट द्या.

पाठ, क्रम आणि वेळ

पाठीसाठी ९ ते १२ मिलिमीटरचं चांगलं प्लायवूड. एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी, अगदी सपाट मिळतं, पण जड असतं, कडेला स्क्रू नीट धरत नाही आणि ओल लागली तर फुगून परत मूळ मापावर येत नाही. तरीही वापरायचं असेल तर त्याचा चकचकीत वरचा थर १२० च्या पॉलिशपेपरने खरवडून घ्या. फटींतून पाठ दिसू नये म्हणून ती काळी करायची पद्धत आहे, आणि ती दिसायला छानच दिसते. लाकडात जिरणारा पातळ रंग चालतो. जाड रंगाचा थर दिला तर गोंद लाकडाला न धरता रंगाला धरतो, आणि सांधा त्या रंगाइतकाच मजबूत राहतो. तुकड्यांच्या मागच्या बाजूलाही हाच न्याय. आधी पॉलिश करणार असाल तर मागे चिकटपट्टी लावून ती कोरी ठेवा. सागवान, शिसव अशी तेलकट लाकडं चिकटवण्याआधी लगेच घासून, अॅसिटोनने पुसून घ्यावीत.

गोंद पसरल्यापासून पाच ते दहा मिनिटांत तुकडा बसायला हवा. साठ तुकड्यांना प्रत्येकी अर्धा मिनिट म्हटलं तरी अर्धा तास झाला. त्यामुळे अख्ख्या पाठीवर गोंद फासायचा नाही. गोंद तुकड्याला लावायचा, एकेक किंवा चार-पाचच्या गटाने. आधी सगळं काम गोंदाशिवाय जुळवून बघावं, मागे क्रमांक घालावेत, वरून फोटो काढावा आणि पाठीवर दोन मध्यरेषा गुण्याने, म्हणजे काटकोन धरून, आखाव्यात. मांडणी मधून बाहेर करत जावी. एका कडेने सुरू केलं आणि प्रत्येक तुकड्यात ०.३ मिलिमीटर चूक झाली तर चाळिसाव्या तुकड्यापर्यंत ती १२ मिलिमीटर होते. मधून निघालं तर ती दोन्ही बाजूंना निम्मी-निम्मी वाटली जाते.

पाठ ज्या टेबलावर आहे ते सपाट आहे का, हे लांब पट्टीने दोन्ही तिरप्या दिशांनी तपासा. पिळलेल्या टेबलावर वाळलेलं काम पिळलेलंच राहतं.

बाहेर आलेला गोंद लगेच ओल्या फडक्याने पुसू नका. पातळ झालेला गोंद लाकडात जिरतो आणि पॉलिशनंतर फिकट डाग म्हणून वर येतो. अर्ध्या-पाऊण तासाने तो रबरासारखा होतो, तेव्हा धारदार पटाशीने एका फटक्यात सुटतो. दाब अर्ध्या ते एक तासाने काढता येतो, पण पूर्ण ताकद यायला २४ तास लागतात. त्याआधी वरून घासायचं नाही. गोंदाच्या पाण्याने सांध्याजवळचं लाकूड फुगलेलं असतं. ते तेव्हाच सपाट केलं तर पाणी उडाल्यावर तिथे खोलगट रेघ उमटते.

बाकीच्या गोंदांबद्दल थोडक्यात. जुन्या, वेड्यावाकड्या लाकडाला, ज्याची पाठ सपाट होणंच शक्य नाही, नळीतून येणारा जाड बांधकाम-गोंद चांगला. तो फट भरतो आणि वाळल्यावर थोडा लवचीक राहतो, म्हणून लाकडाची हालचालही सोसतो. इपॉक्सीला दाब नकोच, नुसता स्पर्श पुरे. जोरात आवळलं तर सगळी बाहेर येते. फेसाळणारा पॉलियुरेथेन फुगताना हलके तुकडे उचलून धरतो, त्यामुळे वजनाखालीच वापरावा. रबरी गोंद, जो दोन्हीकडे लावून वाळल्यावर चिकटवतात, तो इथे टाळावा. एकदा टेकला की सरकवता येत नाही, आणि सतत ताण असेल तर सावकाश सरकत राहतो.

टांगणी आणि दुरुस्ती

६० बाय १०० सेंटिमीटरचं काम, १२ मिलिमीटरची पाठ आणि सरासरी २५ मिलिमीटरचे तुकडे असतील तर वजन १४ किलोंच्या आसपास जातं. ते दोन कड्यांवर टांगण्यापेक्षा ४५ अंशांत कापलेल्या दोन पट्ट्या वापराव्यात, एक भिंतीवर, एक पाठीवर, एकमेकींत अडकणाऱ्या. भार पूर्ण रुंदीवर पसरतो. खाली तेवढ्याच जाडीची पट्टी लावली की काम सरळ उभं राहतं आणि मागून हवा खेळते. उचलताना पाठीला धरून उचलावं, वरच्या तुकड्यांना धरून नाही.

कधी एखादा तुकडा सुटलाच तर जुन्या गोंदावर नवा गोंद लावून दाबू नका. वाळलेल्या पीव्हीए थराला नवा पीव्हीए नीट धरत नाही. दोन्ही बाजू कोरं लाकूड दिसेपर्यंत खरवडून घ्याव्या लागतात. अर्धवट सुटलेला तुकडा काढायचा असेल तर पातळ पातं तापवून कडेतून सावकाश सरकवावं. उष्णतेने पीव्हीए मऊ होतो आणि तुकडा न तुटता निघतो. मग तो का सुटला ते मागे बघून कळतं. गोंदाचा थर चकचकीत आणि अख्खा असेल तर तुकडा पाठीला टेकलाच नव्हता किंवा गोंद आधीच वाळला होता. थर पांढरा, भुसभुशीत असेल तर खोली गार होती. आणि गोंदाबरोबर लाकडाचे तंतू उपटून आलेले असतील तर सांध्यात दोष नव्हता, लाकडाला हलायला जागा कमी पडली होती. अशा वेळी तुकडा परत बसवण्याआधी त्याच्या दोन्ही कडा रंध्याने किंचित उतरवून घ्याव्यात आणि या खेपेला गोंद मधल्या पट्ट्यालाच लावावा.